मदत हवी आहे: डीव्हीआर सुरू होत नाही आणि डिस्कवरील चित्रीकरण वाचवायचे आहे

आमच्या सोसायटीतील सीसीटीव्हीचा आठ चॅनलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रीकरण हार्ड डिस्कवर साठवणारे यंत्र) वीज जाऊन परत आल्यापासून नीट सुरू होत नाही. दिवा लागतो, मॉनिटरवर कंपनीचे चिन्ह दिसते आणि तिथूनच यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागते. हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल काढल्यावर मात्र तो कॅमेऱ्यांची थेट दृश्ये व्यवस्थित दाखवतो. केबल बदलून, तसेच माउस व कॅमेरे काढून पाहिले. फरक पडला नाही. अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा असून भार नसताना मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसतात, परंतु डिस्क फिरू लागताना सर्वाधिक प्रवाह लागतो आणि नेमके तेव्हाच व्होल्टेज कोसळत असेल, तर ते या मोजणीत कळणार नाही.

डिस्कवर वाहनतळातील चोरीचे चित्रीकरण असून ते पोलिसांना द्यायचे आहे, म्हणून कृपया फॉरमॅट सुचवू नये. विंडोज संगणकही डिस्क फॉरमॅट करायला सुचवू शकतो, म्हणून त्याला ती मुद्दामच जोडलेली नाही.

जास्त अँपिअरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावून पाहणे डिस्कसाठी सुरक्षित आहे का, आणि तेवढ्याने भागले नाही तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डीव्हीआरमध्ये ही डिस्क बसवून जुने चित्रीकरण न पुसता, त्यावर नवे न चढू देता, उतरवून घेता येईल का?