एमबीपीएस : यातला ‘बी’ बिटचा की बाइटचा?

प्रश्न
एका जुन्या सर्व्हरच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. स्कझी (डिस्क जोडायची जुनी पद्धत) डिस्कपुढे मी लिहिलं ‘वेग १६० एमबीपीएस’, नेटवर्क कार्डापुढे ‘वेग १००० एमबीपीएस’. ओळखीतल्या एका इंजिनिअरला वाचायला दिलं, तर तो हसतच सुटला. म्हणे, तुमच्या मराठीत नेटवर्क डिस्कच्या सहापट धावायला लागलं की हो! मूळ कागद पुन्हा काढला, तर इंग्रजीत एका ठिकाणी मोठा बी आणि दुसऱ्या ठिकाणी छोटा. आपल्याकडे लहानमोठी अक्षरं कुठून आणू?

उत्तर १
आणू नका, शब्द पूर्ण लिहा. ‘एम’ म्हणजे मेगा, दहा लाख, आणि ‘पीएस’ म्हणजे दर सेकंदाला. रोमन लिपीत मोठा बी म्हणजे बाइट आणि छोटा म्हणजे बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. देवनागरीत दोन्हींचं ‘एमबी’च होतं आणि आठपटीचा फरक गिळला जातो. १६० मेगाबाइट गुणिले ८ म्हणजे १२८० मेगाबिट. म्हणजे तुमच्या कागदावर १६०वालीच वाट रुंद आहे. उलटीकडून बघा : १००० मेगाबिट भागिले ८ म्हणजे १२५ मेगाबाइट, आणि माहिती ज्या पाकिटांत भरून जाते त्यांच्यावरचे पत्ते वगैरेंचा खर्च जाऊन हातात साधारण ११७-११८.

उत्तर २
शब्दांचं मूळ सांगतो. ‘बिट’ हे ‘बायनरी डिजिट’चं, म्हणजे शून्य किंवा एक या अंकाचं, आखूड रूप. ते जॉन टुकी यांनी सुचवलं आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४८च्या लेखामुळे रुळलं. ‘बाइट’ १९५६चा, आयबीएममधल्या वेर्नर बुखहोल्झ यांचा. खरं तर ‘चावा’ या अर्थाचाच इंग्रजी शब्द, पण लिहिताना एखादं अक्षर गळून त्याचा ‘बिट’ होऊ नये म्हणून त्यांनी स्पेलिंग मुद्दाम बदललं. म्हणजे घोटाळ्याची भीती जन्मापासूनचीच.

मराठीत निराळीच गंमत. उपान्त्य इकार दीर्घ हा नियम लावून कुणी ‘बीट’ लिहिलं, की कोशिंबिरीतलं बीट नाहीतर हवालदाराचं बीट समोर येतं. इथे ऱ्हस्वच ठेवा. आणि चॅनेलवाले पुढाऱ्याचा ‘बाइट’ घेतात तो वेगळा, त्यात आठ बिट्स नसतात. (कधी कधी एकही नसतो.)

प्रश्नकर्ती
पण एकाच यंत्रात दोन मापं कशाला?

उत्तर ३
मी असल्या केबली पुष्कळ ओढल्यात, म्हणून सांगतो. जुन्या डिस्कची ती चपटी, पट्ट्यासारखी केबल आठवा. तिच्यात तारा शेजारी शेजारी असतात आणि बिट्स खांद्याला खांदा लावून एकदम निघतात. अल्ट्रा-१६० स्कझीत एका खेपेला १६ बिट्स, म्हणजे २ बाइट, आणि सेकंदाला ८ कोटी खेपा. झाले १६० मेगाबाइट. एका खेपेला अख्खे बाइटच जात असतील तर माणूस बाइटच मोजणार. मोडेम-टेलिफोनवाल्यांकडे मात्र बिट एकामागून एक जायचे, म्हणून त्यांनी बिट मोजले, आणि नेटवर्कवाल्यांनी तीच सवय उचलली.

मग डिस्क जोडायची नवी पद्धत, साटा, आली, डिस्कसुद्धा बारीक केबलीवर एकेरी रांगेत गेली, आणि तिचा आकडाही बिटमध्ये सांगू लागले : १.५ गिगाबिट, म्हणजे १५०० मेगाबिट. आता ८ने भागाल तर १८७.५ येईल, आणि ते चूक! तिथे दर ८ बिट्ससाठी तारेवर १० बिट्स पाठवतात, म्हणून भागायचं १०ने. १५० मेगाबाइट. गिगाबिट इथरनेटचा, म्हणजे तुमच्या नेटवर्क कार्डाचा, १००० हा आकडा मात्र असली भर वजा करूनच सांगितलेला असतो, म्हणून तिथे ८च. हे माहीत नसलं की भलेभले आपटतात.

उत्तर १
आणि ‘वेग’ हा शब्दही काढा, असं माझं मत. १६० ही वाटेची रुंदी आहे, त्या काळची एकटी डिस्क ६०-७० मेगाबाइटच्या आसपासच दमायची. ‘कमाल दर’ म्हणा.

प्रश्नकर्ती
‘हस्तांतरण दर’ लिहू का?

उत्तर २
नको हो! हस्तांतरण म्हटलं की सातबारा आणि मुद्रांक शुल्क आठवतं. ‘माहिती वहनाचा दर’ चालेल. ‘दर’मध्ये ‘दर सेकंदाला’ आपोआप ऐकू येतं, तो त्याचा फायदा. भाजीचा भाव वाटायची भीती आहे, पण पुढे मेगाबाइट असताना भाजी कोण समजेल?

उत्तर ३
ताई, शब्द काहीही घ्या, पण गिऱ्हाइकाला वेळ सांगा. ७३ गिगाबाइटची डिस्क गिगाबिट कार्डावरून हलवायची तर नेटवर्कच्या हिशोबाने सुमारे साडेदहा मिनिटं, पण डिस्क ६०नेच देत असेल तर वीस. आणि कार्ड जुनं १०० मेगाबिटचं निघालं तर पावणेदोन तास धरून चाला. माझा एक रविवार असाच गेलाय. फोनवर मला ‘शंभर एमबी’ सांगितलं होतं. बिट की बाइट ते मी विचारलं नाही.

प्रश्नकर्ती
पूर्ण शब्द लिहिले तर तक्त्याच्या रकान्यात मावत नाहीत. मथळ्यात ‘मेगाबाइट, दर सेकंदाला’ एकदाच लिहून खाली नुसते आकडे देते आहे. नेटवर्कचा आकडा १२५ केला आणि खाली टीप टाकली. साहेब म्हणतात, १००० काढून १२५ कसं चालेल, माल खपणार नाही.

उत्तर १
मग दोन रकाने करा. बिटचा आधी, साहेबांसाठी.