आडवी सायकल चढावर निघतच नाही, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, इथे कोणी रिकम्बंट सायकल चालवतं का? तीच ती, पाय पुढे लांब करून आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसून चालवायची. मानेच्या दुखण्याने साधी सायकल सुटली होती, ओळखीचे एक जण परदेशी चालले होते त्यांच्याकडून ही सेकंडहँड घेतली. राहतो गिरगावात, चाळीच्या जिन्यात ती वळत नाही म्हणून खाली मीटरच्या पेट्यांजवळ साखळीने बांधतो आणि येताजाता पोरांचं "काका, उशी आणू का" ऐकतो.

मरीन ड्राइव्हला पहाटे मस्त पळते. घोडं अडतं चढावर. चौपाटी संपली की वाळकेश्वर रोडने तीन बत्तीकडे चढताना मध्ये कुठे थांबावं लागलं की संपलंच, सगळ्यात हलक्या गिअरवर टाकतो, एक पॅडल मारतो, हँडल भिरभिरतं आणि दुसरा पाय वर पोचायच्या आत सायकल आडवी. साध्या सायकलवर उभं राहून जोर मारायचो, इथे ती सोयच नाही. गेल्या रविवारी मी रस्त्यावर पसरलेला आणि मागे बेस्टची बस. कंडक्टर उतरून म्हणाला, "साहेब, झोपायचं तर घरी झोपा ना." उठवलं मात्र त्यानेच.

तर निघायचं कसं? आणि ट्रॅफिकमध्ये बसवाल्याला मी दिसतो तरी का? की विकून तीनचाकी घेऊ?

प्रतिसाद

दादा, विकू नका एवढ्यात. तुमची चूक सापडली, सगळ्यात हलका गिअर. त्यात एका पॅडलला सायकल वीतभर पुढे जाते, तेवढ्यात तोल येत नाही. त्याच्या एक-दोन वरचा लावा, आणि तो थांबायच्या आधी, पॅडल फिरत असताना. ब्रेक दाबून ठेवा, जोरातला पाय ज्या पॅडलवर ते तुमच्याकडे येऊन जरा वर असू दे, मग पाठ सीटला चिकटवून एकदम ढकला आणि ब्रेक सोडा. हँडल आवळू नका हो, साध्या सायकलवर आपण चढाला हँडल ओढतो, इथे ओढलं की ती वळते. बोटांनी नुसतं धरायचं. एकदा निघालात की हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवत राहा, जड गिअरवर पाठीचा टेकू घेऊन रेटलंत तर गुडघे बोंबलतील. आणि पाय पॅडलवरून निसटून जमिनीला लागला तर सीटखाली ओढला जातो, माझा घोटा त्यातच गेला होता, तेव्हा पाय पॅडलला अडकवायची काहीतरी सोय कराच.

ट्रॅफिकचं म्हणाल तर मागे उंच काठीला भगवा नाहीतर पोपटी झेंडा, दोन्हीकडे आरसे. फुटपाथला चिकटून जाऊ नका, बस आणि फुटपाथच्या फटीत तर अजिबात नाही. खड्डा आला की बूड उचलता येत नाही, सगळा दणका मणक्याला, म्हणून पावसाळ्यात मी बाहेरच काढत नाही.

बाकी हसणाऱ्यांना सांगा, १९३३ साली फ्रान्सिस फॉर नावाच्या फ्रेंच सायकलपटूने असल्याच सायकलवर तासात ४५ किलोमीटरच्या वर कापले होते, १९३४ला यूसीआयने, म्हणजे सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने, अशा सायकलींना रेसमधूनच बाहेर काढलं. अर्थात तो सपाट ट्रॅक होता, वाळकेश्वर नव्हे.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. काल पहाटे साडेपाचला जाऊन तिसऱ्या गिअरवर मुद्दाम थांबत थांबत निघालो, सातातून पाचदा जमलं, एकदा तर दूधवाला सायकल थांबवून बघत उभा राहिला. हँडल सैल सोडायला मन धजत नाही अजून, खांदे दुखतायत. झेंड्याला मासेमारीची जुनी काठी मिळाली आहे. पायाचं तेवढं सांगा, क्लीटचे, म्हणजे तळव्याने पॅडलला अडकणारे बूट घालायची भीती वाटते, पॅडलला साधा वेल्क्रोचा पट्टा लावला तर पडताना पाय सुटतो का?