ओकच्या सावलीत बर्म्युडा नको

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अंगणात कोणतं गवत लावावं, या प्रश्नावर वर बहुतेकांनी बर्म्युडा गवत सुचवलंय. पण प्रश्नातच मोठ्या ओक झाडाची सावली आहे असं लिहिलंय, आणि तिथेच गाडं अडतं. बर्म्युडा म्हणजे हरळीच; तिला रोज ६ ते ८ तास थेट ऊन हवं. सावलीत ती विरळ होत जाते आणि माती उघडी पडते. उघड्यावर, मुलं खेळतात तिथे मात्र तिच्यासारखी तीच.

सावलीसाठी सेंट ऑगस्टीन गवत बघा. बी सहसा मिळत नाही, मातीसकट उगवलेल्या गवताच्या तयार गाद्याच लावाव्या लागतात. कापताना ३-४ इंच उंची ठेवा. उन्हाळ्यात पदपथाच्या कडेने पिवळे चट्टे दिसले तर लगेच पाणी वाढवू नका. आधी गवत बोटांनी बाजूला करून बुडाशी बघा. काळे, पांढऱ्या पंखांचे बारीक किडे दिसले तर ते चिंच बग, म्हणजे गवताचा रस शोषणारी कीड. उत्तर जॉर्जियाची थंडी मात्र या गवताला बाधते, तिथे झोयसिया गवत बरं. वाढतं सावकाश, पण थोडी सावलीही सोसतं.

सेंटिपीड नावाच्या गवताचा विचार असेल तर त्याला आम्लधर्मी माती आणि अगदी कमी खत लागतं, म्हणून काहीही विकत घेण्याआधी मातीचा पीएच (आम्लता) तपासून घ्याच. आणि त्या ओकखाली दुपारी ऊन किती वेळ येतं, तेही इथे सांगा.