मदत हवी आहे: अमेरिकेतल्या ट्रकला लांब नाक अन् आपल्या गाडीचं तोंड सपाट, हे कशामुळं?

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहायलो. घरच्या दोन दहा टायरी गाड्या आहेत, मोंढ्यातून सोयाबीन, तूरडाळ भरायची अन् हैद्राबाद नाहीतर मुंबई गाठायची, हाच धंदा. भाचा टेक्सासला शिकायला आहे, त्यानं मागच्या आठवड्यात तिथल्या हायवेवरच्या ट्रकचे फोटो पाठवले अन् तेव्हापासून अण्णा (माझे वडील) एकच विचारायलेत, की ह्यांच्या गाडीला केबिनच्या पुढं एवढं मोठं बोनेट अन् आपली गाडी समोरून भिंतीसारखी, असं का?

अण्णांनी सुरुवातीला टाटाची १२१० सेमी फॉरवर्ड चालवली, तिला जरा तरी नाक होतं. नंतर सपाट तोंडाची आली. तिच्यात इंजिन ड्रायव्हर अन् क्लिनरच्या मधोमध, झाकणावर गोधडीची घडी टाकायचे तरी एप्रिल-मे मधी डाव्या मांडीला चटके बसायचे. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. २००९ साली रात्री दोनच्या सुमाराला रस्त्यात उसाची भरलेली ट्रॉली बंद पडून उभी होती, ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊसच दिसला तो अगदी काचेजवळ आल्यावर. केबिन आत दबली, पेडल अन् डॅशबोर्डच्या मधी पाय अडकला, पत्रा कापून काढावं लागलं. उजव्या पायात अजून रॉड आहे. फोटो बघून ते म्हणले, "पुढं एवढं नाक असतं तर माझा पाय वाचला असता का रे?" मला काही सांगता आलं नाही. कुणी म्हणतं रस्ते लहान म्हणून, कुणी म्हणतं पैसे वाचवायला. ज्याला नक्की माहीत आहे त्यानं सांगा, अण्णांना वाचून दाखवणार आहे.

प्रतिसाद (जालना, सळईचे ट्रेलर चालवतो):
दादा, रस्ता आहेच पण त्याच्याआधी कायदा. लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची ह्यावर सगळा खेळ. अमेरिकेत पण एक जमाना होता जेव्हा सपाट तोंडाच्या गाड्या भरपूर पळायच्या, कारण बऱ्याच राज्यांत घोडा (म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची इंजिन-केबिनची गाडी) अन् ट्रेलर मिळून एकूण लांबी मोजायचे, मग नाक जेवढं कमी तेवढा माल जास्त. १९८२ ला त्यांनी कायदा बदलला, मोठ्या हायवेवर फक्त ट्रेलरची लांबी धरायची, पुढचा घोडा कितीही लांब असू द्या. मग कोण कशाला इंजिनवर बसेल? नाकाच्या गाड्या वाढल्या, मागं झोपायला ऐसपैस केबिन आली, सपाटवाल्या हळूहळू गायबच झाल्या. आपल्याकडं सलग गाडीला (घोडा अन् ट्रेलर वेगळे नसतात तिला) १२ मीटरची मर्यादा, त्यात दीड मीटर नाकाला दिलं तर तेवढा हौदा कमी अन् तेवढं भाडं कमी, मालक लोक कसं परवडवून घेतील सांगा.

प्रतिसाद (मूळ परभणी, काही वर्षं नेदरलँडला गोदामात होतो):
युरोपचं सांगतो. तिथं घोडा धरून पूर्ण गाडी १६.५ मीटर, त्यात ट्रेलरच १३.६ चा. उरलेल्या जागेत इंजिन, ड्रायव्हर, त्याचं अंथरूण सगळं बसवायचं म्हणून केबिन उंच अन् सपाट. अमेरिकेचा नेहमीचा ५३ फुटी ट्रेलर एकटाच १६ मीटरच्या वर जातो, म्हणजे युरोपची अख्खी गाडी जवळजवळ तेवढीच! शिवाय तिथली जुनी शहरं, गल्ल्या अरुंद, आपल्या गंजगोलाईत सोळा रस्त्यांच्या गर्दीत गाडी वळवायची असं समजा. २०१५ मधी तिथला नियम जरा ढिला झाला, सुरक्षा अन् डिझेल बचतीसाठी नाक थोडं पुढं चालेल म्हणून, अन् २०२१ ला डॅफ ह्या तिथल्या ट्रक कंपनीनं १६ सेंटिमीटर पुढं काढलेली केबिन आणली. ऑस्ट्रेलियात तर तीन-तीन ट्रेलर जोडून ५३.५ मीटरची रोड ट्रेन चालते, पुढं कांगारूंसाठी लोखंडी जाड बार, कारण शेकडो किलोमीटर गाव नाही अन् वळणही नाही.

प्रतिसाद (नांदेड, पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल शिकवते):
दोघांचं बरोबर आहे, वजनाचंही जोडा. अमेरिकेत एकूण ८०,००० पौंड, म्हणजे साधारण ३६ टन, पण एक्सलमधलं (चाकांच्या आसांमधलं) अंतर जितकं जास्त तितकं वजन जास्त चालतं असा पुलांसाठीचा फॉर्म्युला आहे, म्हणून लांबलचक घोडा त्यांना फायद्याचाच पडतो. युरोपात नेहमीची हद्द ४० टन, पण इंजिनची ताकद ज्या एक्सलला जाते त्याच्यावर ११.५ टन चालतात, म्हणून पुढं दोनच एक्सलचा घोडा अन् मागं ट्रेलरला तीन. आपल्याकडं २०१८ ला चार टायरी एक्सलचं वजन १०.२ वरून ११.५ टन झालं, म्हणून त्याच लांबीत जास्त माल अन् रिकामी असताना वर उचलायचा लिफ्ट एक्सल, हे आपलं गणित.

अण्णांच्या पायाचं विचारलंत म्हणून जरा थांबून लिहिते. नाक असतं तर धडक आधी बोनेटनं घेतली असती, पायापुढं जागा राहिली असती, हे खरं. पण वाचवतं ते नुसतं नाक नाही, केबिनचा सांगाडा वाचवतो. त्या काळी बरेच मालक नुसती चासी (इंजिन, चाकं अन् खालचा सांगाडा) घ्यायचे अन् केबिन गावातल्या कारागिराकडं लाकूड-पत्र्यात बांधायची, ती धडकेत टिकत नव्हती. तुमची कशी होती? आता एआयएस ०२९ ह्या केबिनच्या सुरक्षेच्या सरकारी मानकात केबिनवर वजन आपटून बघतात, की ड्रायव्हरला आत जागा उरते का. सपाट असली तरी अशी केबिन त्या जुन्या केबिनपेक्षा कितीतरी बरी.

लातूरहून परत मीच:
मॅडम, अगदी बरोबर ओळखलं, आमची केबिन लाकूड-पत्र्याचीच होती, बाभळीची पट्टी अजून गोठ्यात पडलेली आहे. तुम्हा सगळ्यांचं अण्णांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पायावरून हात फिरवत म्हणले, "म्हणजे नाकाचा दोष नव्हता तर." अन् लगेच धाकट्याला हाक मारून सांगितलं, नवी गाडी घ्यायची तर कंपनीची केबिन, कारागिराची नाही.

चौदा टायरी बघायलो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली, तर ज्यांच्याकडं आली आहे त्यांनी दोन गोष्टी सांगा. भरल्या गाडीला घाटात एसी चालू ठेवला तर ओढ कमी होते का, अन् उन्हाळ्यात ॲव्हरेज किती पडलं? मांजरसुंब्याच्या घाटानं नेहमी जाणारे कुणी असतील तर त्यांचं पहिलं ऐकायचंय.