मदत हवी आहे : घाटातल्या पावसात चालकाविना ट्रक कुठे थांबतो?

चिपळूणमधील आमच्या ट्रकचालकांच्या बैठकीत मला चालकरहित ट्रकविषयी माहिती द्यायची आहे. २०२५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस ते ह्यूस्टन या मार्गावर असे ट्रक मालवाहतूक करू लागले, हे सांगितल्यावर जुन्या चालकांनी घेतलेली शंका मला रास्त वाटते: तो मार्ग सपाट मुलखातला आहे, तर आपल्या चिपळूणजवळच्या परशुराम घाटात जुलैच्या पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे चिखलाखाली जातात आणि वरची माती सुटू लागल्याचे डोंगरावरून उतरणाऱ्या लाल पाण्यावरून चालक ओळखतो.

मुसळधार पावसात लायडारची (लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या यंत्राची) नजर कमी पडते व रेडिओ लहरींवर चालणारे रडार तुलनेने टिकून राहते, एवढे मी वाचले आहे. कंपन्यांचे व्हिडिओ पाहिले, पण त्यांत बहुतेक रस्ते कोरडेच दिसले, म्हणून कृपया तेच पुन्हा सुचवू नयेत. असे ट्रक आपल्याकडे कधी येतील, हाही माझा प्रश्न नाही.

वाहन अभियांत्रिकीतील जाणकारांनी एवढेच सांगावे: पुढचे दिसेनासे झाल्यावर साइडपट्टी नसलेल्या उताराच्या वळणावर, भरलेला ट्रक थांबण्याची जागा कशी निवडतो आणि मागून येणाऱ्यांसाठी रस्त्यावर लाल त्रिकोण कोण ठेवतो?