‘आफोन्सो द आल्बुकर्क’: आव्हिझो, स्लूप की फ्रिगेट?

प्रश्न (फोंडा)

आजोबांच्या कपाटात 1961 सालच्या डिसेंबरातील वृत्तपत्रांची कात्रणे सापडली. घडीवर विरलेल्या एका कात्रणात, 18 डिसेंबरला मुरगाव बंदरात भारतीय नौदलाशी लढलेल्या ‘आफोन्सो द आल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेला फ्रिगेट म्हटले आहे. समासात मात्र आजोबांनी पेन्सिलीने ‘आव्हिझो’ असे लिहून ठेवले आहे. इंग्रजी लेखनात हिलाच स्लूप म्हटलेलेही वाचले. युद्धनौकांच्या या तीन वर्गांपैकी बरोबर कोणता?

उत्तर (वास्को)

तिन्ही बरोबर आहेत. 1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये ही नौका बांधली गेली, तेव्हा पोर्तुगालने तिची नोंद पहिल्या दर्जाची आव्हिझो अशी केली. दूरच्या वसाहतींच्या किनाऱ्यांवर महिनोन्‌महिने गस्त घालणे हे तिचे काम होते; त्यासाठी 120 मिलिमीटरच्या चार तोफा पुरेशा होत्या आणि विनाशिकेच्या (डिस्ट्रॉयर, वेगवान युद्धनौका) मानाने बराच कमी, सुमारे 21 नॉटचा वेगही चालत होता. ब्रिटिश नौदलात अशा नौकेला स्लूप म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तुगालने तिला फ्रिगेट वर्गात घातले, पण तोफा त्याच राहिल्या. ब्रिटिशांनीही युद्धानंतर स्लूप आणि कॉर्व्हेट (लहान संरक्षक नौका) हे वर्ग मोडून फ्रिगेटमध्ये मिळवले, आणि भारतीय नौदलाची ‘कावेरी’ त्याच वाटेने स्लूपची फ्रिगेट झाली. गोव्याच्या कारवाईत तीही होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्याच कारवाईतल्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या भारतीय नौका मात्र मुळातच फ्रिगेट म्हणून बांधलेल्या होत्या.

उत्तर (मडगाव)

आकारावरून वर्ग ठरतो असे समजू नये. अमेरिकेत 1975 पर्यंत फ्रिगेट ही विनाशिकेपेक्षा मोठी असे, तर युरोपात लहान. त्यातच सोव्हिएत नौदल तेवढ्याच आकाराच्या काही नौकांना क्रूझर (विनाशिकेहून वरचा, मोठ्या युद्धनौकांचा वर्ग) म्हणत असल्यामुळे कागदावर अमेरिकेचे क्रूझर फारच थोडे दिसत. म्हणून 30 जून 1975 रोजी अमेरिकेने आपल्या बहुतेक फ्रिगेटना क्रूझर केले, उरलेल्यांना विनाशिका केले आणि लहान संरक्षक नौकांना फ्रिगेट हे नाव दिले. जुलै 2024 मध्ये गोवा शिपयार्डमध्ये जलावतरण झालेली ‘त्रिपुट’ सुमारे 3600 टनांची आहे आणि तीही फ्रिगेटच.

प्रश्नकर्ता (फोंडा)

मनःपूर्वक आभार. आजोबा पोर्तुगीज अमदानीत मुरगाव बंदरात कारकून होते, त्यामुळे त्यांच्या तोंडी जुनाच शब्द बसला असावा. त्यांच्या अक्षराला हात न लावता शेजारी वेगळी चिठ्ठी जोडतो.