पेटंट संपताच इतक्या कंपन्यांची गोळी बाजारात कशी येते?

प्रश्न – तासगावकर

माझ्या वडिलांना मधुमेह असून मिरजेतील डॉक्टरांनी त्यांना एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केले आहे. पूर्वी एका गोळीला सुमारे ६० रुपये पडत. मार्च २०२५ नंतर मात्र त्याच औषधाच्या इतर कंपन्यांच्या गोळ्या १० रुपयांच्या आसपास मिळू लागल्या. पेटंट संपले, एवढेच दुकानदाराने सांगितले. मग इतक्या कंपन्यांकडे माल आधीच तयार कसा होता? शिवाय चिठ्ठीवर जुन्या ब्रँडचे नाव असल्याने त्याने स्वस्त गोळी देण्यास नकार दिला, हे नियमाला धरून आहे का?

उत्तर – औषधनिर्माणशास्त्राचा शिक्षक, सांगली

भारतात पेटंटची मुदत २० वर्षांची असते आणि ती औषध दुकानात आल्यापासून नव्हे, तर अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मोजली जाते. एम्पाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट ११ मार्च २०२५ रोजी संपले. या औषधाला अमेरिकेत परवानगी २०१४ साली मिळाली, म्हणजे मुदतीतली जवळजवळ नऊ वर्षे चाचण्यांतच गेली होती. काही देश अशा विलंबापोटी मुदत वाढवून देतात, आपला कायदा देत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

माल तयार कसा होता, याचे उत्तर पेटंट कायद्याच्या कलम १०७अ मध्ये आहे. पेटंट चालू असतानाही, केवळ सरकारी परवानगीसाठी लागणारी माहिती गोळा करण्याकरिता दुसरी कंपनी ते औषध बनवू शकते आणि त्यावर चाचण्या करू शकते. विक्रीला मात्र मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. ही सवलत नसती, तर सगळी तयारी मुदत संपल्यावरच सुरू झाली असती आणि रुग्णांना आणखी वाट पाहावी लागली असती.

खरा अडसर येतो तो दुय्यम पेटंटांचा. मूळ रेणूचे पेटंट संपत आले की त्याच औषधाच्या क्षारावर (म्हणजे आम्ल किंवा अल्कलीशी संयोग करून बनवलेल्या रूपावर) किंवा नव्या स्वरूपावर वेगळा अर्ज केला जातो. कलम ३(ड) नुसार ज्ञात पदार्थाच्या नव्या स्वरूपामुळे परिणामकारकता वाढत नसेल, तर त्याला पेटंट मिळत नाही. ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी हेच कलम उचलून धरले. क्षयरोगावरील बेडाक्विलिनच्या फ्युमरेट क्षाराचा अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला, आणि त्याला हरकत घेणाऱ्यांमध्ये क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोन महिला होत्या. मूळ पेटंट त्याच वर्षी जुलैत संपत होते. हा अर्ज मंजूर झाला असता, तर एका कंपनीची मक्तेदारी पुढे कित्येक वर्षे टिकली असती. अर्ज मंजूर होण्यापूर्वी कोणालाही हरकत घेता येते, ही तरतूद रुग्णांच्या हाती असलेले मोठे बळ आहे, असे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

उत्तर – औषधविक्रेता, मिरज

दुकानदाराचे बरोबर आहे. औषध नियमांतील नियम ६५(११अ) प्रमाणे अनुसूची एच मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या, औषधाच्या चिठ्ठीवर दुसरे उत्पादन आपल्या मनाने देता येत नाही, घटक तोच असला तरीही. डॉक्टरांना जेनेरिक नाव (ब्रँडऐवजी औषधी घटकाचे नाव) किंवा कमी दराचा ब्रँड लिहून देण्याची विनंती करावी. बहुतेक डॉक्टर लगेच लिहून देतात, असा माझा अनुभव आहे. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील दुसऱ्या औषधासह असलेली संयुक्त गोळी घेत असाल, तर दोन्ही घटकांची मात्रा चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावी.

तासगावकर

आभारी आहे. दर इतका उतरला, तर दर्जाही उतरला असेल का, ही शंका वडिलांना आहे.

उत्तर – औषधनिर्माणशास्त्राचा शिक्षक, सांगली

दर उतरतो तो मक्तेदारी संपून स्पर्धा वाढल्यामुळे, त्यावरून दर्जा ठरत नाही. मात्र रक्तात औषध मूळ गोळीइतकेच पोहोचते का, हे दाखवणारी जैवसमतुल्यता चाचणी आपल्याकडे प्रत्येक औषधाला सक्तीची नाही. २०१७ च्या दुरुस्तीने ती प्रामुख्याने पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांना सक्तीची झाली. म्हणून कंपनीने ती केली आहे का, हे विचारून घ्यावे, एकदा निवडलेली गोळी शक्यतो बदलू नये, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तपासून तो अहवाल डॉक्टरांना दाखवावा.